मामांचे मोजे

मोजे विकत घेताना आपण फारसा विचार करत नाही. बूट घ्यायचे असले की चार दुकाने फिरतो. पायात घालून पाहतो, दोन पावले चालून पाहतो, भावासाठी घासाघीस करतो. मोजे मात्र दुकानदार शेवटी ‘आणखी काही?’ असे विचारतो तेव्हा आठवतात. नाहीतर लोकलच्या डब्यात फेरीवाला तीन जोड एकदम पुढे करतो आणि आपण रंग पाहून ते घेऊन टाकतो.

हा शब्द तुम्हाला नवा नाही. ‘मोजा’ मूळचा फारसी. तो उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. फारसीत या शब्दाचा अर्थ पायात चढवायचा बूट असा होता. आपल्याकडे येईपर्यंत तो बुटातून निघून बुटाच्या आत शिरला. मराठीत तर तो हातावरही चढला. म्हणून आपण पायमोजे म्हणतो आणि हातमोजेही म्हणतो.

मी सफाळ्याला राहते. पश्चिम रेल्वेवर विरारनंतर वैतरणा आणि त्यानंतर सफाळे. गावाच्या एका बाजूला समुद्राकडे जाणारी वाट आहे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. सफाळ्याहून अहमदाबाद महामार्गावरच्या वरईकडे जाणारा रस्ता तांदुळवाडीच्या घाटातून जातो. त्याच डोंगरावर तांदुळवाडीचा किल्ला आहे. पावसाळ्यात रविवारी सकाळी मुंबईची मुले-मुली पाठीवर पिशव्या लावून आमच्या स्टेशनवर उतरतात आणि किल्ल्याकडे निघतात. संध्याकाळी तीच मंडळी परत येतात तेव्हा त्यांतली दोन-चार तरी लंगडत असतात. कोणी बूट हातात घेतलेले असतात, कोणी बाकावर बसून टाचेवरचा फोड पाहत असतो. डोंगर उंच असल्याने हे झाले, असे त्यांना वाटते. डोंगर काही फार उंच नाही. पायथ्याच्या गावातून दीड-दोन तासांत माथा गाठता येतो.

मीही बरीच वर्षे डोंगर चढते आहे. पण मोज्यांचा खरा विचार मला करावा लागला तो मामांमुळे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचे बालपण तांदुळवाडीच्या पायथ्याशी गेले. लहानपणी ते अनवाणी किल्ल्यावर जात. पुढे ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड गिरणीत रंगाई खात्यात लागले आणि बोईसरला राहू लागले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतले, की एकदा किल्ल्यावर जायचे. माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या टाक्यांपाशी बसून खाली वैतरणेचे वळण पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा.

अडचण एकच होती. मामांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आमच्याकडे ‘साखर आहे’ असे म्हणतात. या आजारात काही जणांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते. मामांच्या तळव्यांना आता टाचणी टोचली तरी नीट कळत नाही. त्यातच आदल्या वर्षी एका लग्नात नव्या चपलेने त्यांच्या अंगठ्याला लहानसा फोड आला होता. तो चिघळला आणि बरा व्हायला अडीच महिने लागले. तेव्हापासून मामी त्यांच्या पायांवर पहारा ठेवते.

डॉक्टरांनी पाय तपासले. नाडी पाहिली, बोटांच्या मधल्या जागा पाहिल्या. मग म्हणाले, “हळूहळू जा, सोबत कोणीतरी असू द्या. पण पाय जसे नेताय तसेच परत आणा.” ते पाय तसेच परत आणण्याचे काम माझ्याकडे आले.

एवढ्याशा फोडाची इतकी काळजी कशाला, असे तुम्हाला वाटेल. आमच्या घरातही काहींना वाटले. तेव्हा मी त्यांना एक खरी हकिकत सांगितली. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज होते. त्यांच्या धाकट्या मुलाचे नावही कॅल्विनच. तो सोळा वर्षांचा होता आणि अंगाने अगदी निरोगी होता. ३० जून रोजी व्हाइट हाउसच्या मैदानावर तो भावाबरोबर टेनिस खेळला. पायात बूट होते, पण मोजे नव्हते. बोटावर फोड आला. त्याने तिकडे लक्ष दिले नाही. फोडातून जंतू रक्तात गेले. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी उभे होते, पण त्या वेळी जंतूंवर चालणारी प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला. ७ जुलै रोजी, म्हणजे खेळानंतर आठवड्याभरातच, तो मुलगा वारला. आज औषधे आहेत, त्यामुळे असे सहसा घडत नाही. पण ज्याच्या पायाला दुखणे कळतच नाही, त्याचा फोड उशिरा लक्षात येतो, आणि उशीर झाला की औषधांचेही काम अवघड होते.

आता फोड येतो कसा ते पाहू. एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचे बोट टेकवा. बोट न उचलता आणि न घसरवता मागेपुढे हलवा. बोटाला चिकटून कातडी हलते, पण तिच्या खालचे हाड जागेवरच राहते. म्हणजे हाड आणि कातडी यांच्या मधल्या भागावर ताण पडतो. चालताना टाचेचे असेच होते. मोजा कातडीला धरून ठेवतो आणि आतले हाड पावलागणिक मागेपुढे होते. हजारो पावलांनंतर कातडीच्या वरच्या थरांत बारीक फट पडते. त्या फटीत पाण्यासारखा द्रव साचतो. तोच फोड. फोड केवळ वरून घासल्याने येतो असा आपला समज असतो. खरे नुकसान आत, ताणामुळे होते.

यात घामाचा वाटा मोठा आहे. कोरडी कातडी मोज्यावरून सहज सरकते. ओलसर कातडी मोज्याला चिकटून बसते आणि ताण वाढतो. म्हणून पाय कोरडा ठेवणे हे मोज्याचे पहिले काम. आपल्याकडे मोजे थंडीसाठी घालतात असे पुष्कळांना वाटते. पालघर जिल्ह्यात थंडी असते किती दिवस? घाम मात्र बारा महिने असतो.

कोणता धागा पाय कोरडा ठेवतो, हे मला मामांनीच शिकवले. त्यांनी सारा जन्म सुतात आणि रंगात घालवलेला. त्यांच्यासाठी मोजे निवडायला मी बसले, तर मलाच त्यांच्यापुढे विद्यार्थिनी होऊन बसावे लागले.

“अगं, लेबल राहू दे बाजूला,” ते म्हणाले. “आधी धागा जाळून पाहू.”

त्यांनी जुन्या मोज्यांचे दोन-तीन धागे काढले आणि चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेले. सुती धागा कागदासारखा जळला आणि त्याची मऊ राख झाली. नायलॉनचा धागा वितळून त्याचा टणक मणी झाला. लोकरीचा धागा पेटता पेटता विझला आणि केस जळल्याचा वास आला. हा प्रयोग घरातले मोठे माणूस जवळ असल्याशिवाय करू नका. मामांनीही पाण्याचे भांडे शेजारी ठेवले होते.

“आता सांग, घामाला यांतला कोणता बरा?” त्यांनी विचारले.

मी नेहमीप्रमाणे म्हटले, “सुती. सुती कपडा घाम टिपतो.”

“टिपतो हे खरे. पण टिपलेले सोडतो का?”

त्यांनी एकाच वेळी एक सुती, एक नायलॉनचा आणि एक लोकरीचा मोजा बादलीत बुडवला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. नायलॉनचा मोजा सर्वांत आधी वाळला. लोकरीचा त्यामागून. सुती मोजा संध्याकाळीही टाचेपाशी दमट होता. मामा म्हणाले, की गिरणीत जमीन नेहमी ओली असे. आठ तासांची पाळी संपल्यावर जाड बूट काढले, की सुती मोज्यातला पाय पांढरा आणि सुरकुतलेला निघे. अशा पायाने घरापर्यंत चालत गेले तरी कातडी निघत असे. उन्हाळ्यात अंगात घालायला सुती सदऱ्यासारखे सुख नाही. बंद बुटात लांब चालायचे असेल, तेव्हा मात्र निव्वळ सुती मोजा नको.

हे केवळ मामांचे म्हणणे नाही. १९९० साली अमेरिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंवर एक अभ्यास झाला. काही मोजे सुती होते आणि काही ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे. सुती मोज्यांत फोड अधिक आले आणि ते आकारानेही मोठे होते.

लोकरीबद्दल मला शंका होती. लोकर म्हणजे उकाडा आणि अंगाला खाज. पण मामांनी घोंगडीची आठवण दिली. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभा असतो. घोंगडी भिजली तरी आतले अंग गारठत नाही. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा इतकी वाफ स्वतःच्या आत घेतो, तरी हाताला तो ओला लागत नाही. घोंगडीची दख्खनी लोकर जाडीभरडी असते, ती पायाला टोचेल. मेरिनो नावाच्या मेंढीची लोकर मात्र फार बारीक असते. ती टोचत नाही. तिच्यात थोडे नायलॉन मिसळले, की मोजा लवकर फाटत नाही. नुसत्या लोकरीचा मोजा टाचेवर विरतो.

मग आम्ही दोघे दुकानात गेलो. सोबत मामांचे बूटही नेले. हे महत्त्वाचे आहे. मोजा बुटासह घालून पाहिल्याशिवाय त्याची जाडी बरोबर आहे की नाही ते कळत नाही. तोही संध्याकाळी पाहावा, कारण दिवसभर वावरल्यावर पाय थोडे सुजतात, आणि डोंगरावरही ते सुजतातच. जाड मोज्याने बूट आवळला, तर बोटे दबतात. मोजा सैल असला, तर त्याची घडी पडते. ती घडी बुटात दाबली गेली, की खड्यासारखी लागते. मोज्याला टाचेची खोबण असते. ती बरोबर टाचेवर बसली पाहिजे. ‘सर्व मापांना चालेल’ असे लिहिलेले मोजे मी डोंगरासाठी घेत नाही. सर्व पायांना चालणारा मोजा माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.

मोजा उलटा करून त्याची शिवण पाहावी. बोटांपाशी जाड शिवण असली, तर उतारावर बोटे पुढे सरकतात आणि तीच शिवण त्यांना कापते. शिवणीवरून बोट फिरवले आणि ती जवळजवळ लागली नाही, तर मोजा चांगला. उंचीही पाहावी. मोजा बुटाच्या काठापेक्षा वर यावा, नाहीतर बुटाची कड थेट घोट्याला लागते.

मी स्वतः दोन मोजे घालते. आत पातळ नायलॉनचा आणि वर जाड. मग घसरणे त्या दोन मोज्यांमध्येच होते आणि कातडी बचावते. अमेरिकेच्या मरीन दलात नव्याने भरती झालेल्या जवानांवर अशा जोडीचा अभ्यास झाला होता. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. आत पातळ पॉलिएस्टरचा आणि बाहेर जाड, दाट विणीचा मोजा घालणाऱ्यांना फोड कमी आले. पण मामांसाठी मी ही युक्ती नको म्हटले. दोन मोज्यांनी बूट घट्ट झाला असता, आणि घट्टपणा त्यांना कळला नसता. त्यांच्यासाठी एकच मोजा घेतला: मध्यम जाडीचा, मेरिनो आणि नायलॉनचा, बारीक शिवणीचा. पोटरीवरची कड आवळणारी नव्हती. आणि रंग फिका. मामांना काळा हवा होता, मळ दिसत नाही म्हणून. पण फिक्या मोज्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग चटकन दिसतो. ज्याला दुखत नाही, त्याला निदान दिसले तरी पाहिजे.

किंमत ऐकून मामांनी जोड परत ठेवला. एवढ्या पैशांत साधे सात-आठ जोड आले असते. मी काही न बोलता दोन जोड बिलावर ठेवले. मग पंधरा दिवस मामा तेच बूट आणि तेच मोजे घालून रोज बोईसरला फेरी मारत. नवे बूट, नवे मोजे आणि डोंगर, हे तिन्ही एकाच दिवशी गाठ पडू देऊ नयेत.

आम्ही पावसाळा टाळला आणि डिसेंबरात गेलो. माझा एक भाऊ आणि पायथ्याच्या गावातला एक मुलगा बरोबर होता. त्या मुलाच्या पायात साधी रबरी चप्पल होती आणि तो शेळीसारखा पुढे पळत होता. त्याच्या तळव्यांची कातडी वर्षानुवर्षे चालून कमावलेली. मामा त्याच्याकडे पाहत म्हणाले, “माझेही पाय असेच होते.”

दर अर्ध्या तासाने थांबायचे, बूट-मोजे काढायचे आणि पाय पाहायचे, असे ठरले होते. पहिल्या थांब्याला काही नव्हते. दुसऱ्या थांब्याला डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक आजी वरून आली. आम्हाला पायांवर वाकलेले पाहून ती थबकली. “किती वेळ पायच बघता! डोंगर कधी बघणार?” असे म्हणून ती हसत खाली गेली.

तेवढ्यात मला मामांच्या उजव्या घोट्याखाली रुपयाएवढा लाल डाग दिसला. कातडी फुटली नव्हती, पण हात लावल्यावर तेवढाच भाग गरम लागला. फोड येण्याआधीची ही खूण असते. तुमच्या-माझ्या पायाला अशा वेळी चुरचुरते आणि आपण थांबतो. मामांना काहीच जाणवले नव्हते. मी मोजा उलटा केला. विणीत एक कुसळ अडकले होते. डिसेंबरात आमच्या डोंगरांवरचे गवत वाळते आणि त्याची कुसळे कपड्यांत घुसतात. चांगल्यातल्या चांगल्या मोज्यालाही ती थोपवता येत नाहीत.

“चल, काढलेस ना? आता निघू,” मामा म्हणाले. माथा समोर दिसत होता.

“नाही मामा. वीस मिनिटे बसायचे. डाग गेला तर वर, नाही गेला तर खाली.”

“अगं, इथून खाली?”

“इथूनच खाली.”

ते गप्प झाले. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटत होते. भाऊ दोनदा घड्याळाकडे पाहून दुसरीकडे वळला. आम्ही पाय वाऱ्यावर ठेवला. पंधरा मिनिटांनी डाग फिका झाला आणि विसाव्या मिनिटाला तिथली कातडी बाजूच्या कातडीसारखी दिसू लागली. त्या जागी मी कागदी चिकटपट्टी लावली, कडा नीट दाबल्या, दुसरा कोरडा जोड चढवला. बुटात हात घालून आत काही नाही ना, हे चाचपले. मगच निघालो.

माथ्यावर टाक्यांत पाणी होते. मामा काठावर बसले. खाली वैतरणा ऊन झेलत वळत गेली होती आणि दूर समुद्राची रेघ दिसत होती. लहानपणी मोठी माणसे त्यांना या टाक्यांपासून लांब ठेवत, म्हणून ते इथे निवांत असे कधी बसलेच नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी त्यांना बूट काढायला सांगितले, तेव्हा मात्र म्हणाले, “थांब जरा. त्या आजीचे ऐक.” पाच मिनिटे मी ऐकले.

उतरताना नाडी थोडी घट्ट बांधली, म्हणजे बोटे पुढे आपटत नाहीत. संध्याकाळी सफाळे स्टेशनच्या बाकावर पुन्हा पाय पाहिले. फोड नव्हता, डाग नव्हता. मोजे तेवढे मातीने माखले होते. डहाणू लोकल आली आणि मामा बोईसरला गेले.

आता ते मोजे उलटे करून गार पाण्यात धुतात आणि सावलीत वाळवतात. लोकर गरम पाण्यात आटते, हे त्यांनी मामीला तीनदा सांगितले आहे. रोज रात्री जमिनीवर लहान आरसा ठेवून ते त्यात तळवे पाहतात. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. पालघरहून मनोर रस्त्याने काळदुर्ग किती लांब आहे, असे विचारत होते.

मी म्हटले, “आधी डॉक्टरांना विचारा.”

“विचारले,” मामा म्हणाले. “ते म्हणतात, या वेळी तीन जोड न्या.”